सरकारी रेल्वेला धंद्याचा हिशोब कधी आणि कसा कळू लागतो?

जमाखर्च

सरकारी रेल्वे आणि व्यापार हे शब्द एकत्र आले की चर्चा थेट खासगीकरणावर जाते आणि दोन्ही बाजू आपापली ठरलेली वाक्यं बोलून मोकळ्या होतात. हा धागा त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. मालक सरकारच, कर्मचारी तेच, रूळही तेच. तरी एखादी रेल्वे खात्यासारखं वागणं सोडते आणि गिऱ्हाईक, खर्च, दर यांचा विचार करायला लागते. हे कशामुळे होतं? मी लेखापरीक्षणात आहे, त्यामुळे माझी नजर आधी खतावणीकडे जाते. आणि जेवढं वाचलंय त्यावरून माझं मत पक्कं आहे: तोटा कुणाच्या खात्यात लिहायचा हे ठरलं की रेल्वे बदलायला लागते. बाकी सगळं त्यानंतर येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ट्रक येण्यापूर्वी जमिनीवरच्या वाहतुकीत रेल्वेची मक्तेदारी होती, म्हणून सरकारांनी तिच्यावर बंधनं घातली. आलेला माल नाकारायचा नाही, दरपत्रक जाहीर हवं, कुणाला कमी कुणाला जास्त असं करायचं नाही. शिवाय दर मालाच्या किमतीवर ठरे. कापड, यंत्रं यांना चढा दर. कोळसा, धान्य यांना उतरता. एकाच्या नफ्यातून दुसऱ्याची वाहतूक निघायची. ट्रकनं नेमका चढ्या दराचा माल उचलला, कारण तिथंच रेल्वेचा दर खऱ्या खर्चापेक्षा खूप वर होता. उतरत्या दराचा माल रेल्वेकडे राहिला, बंधनंही राहिली. ब्रिटनमध्ये माल न नाकारण्याच्या बंधनातून रेल्वे सुटली ती थेट १९६२ च्या कायद्यानं.

आता खात्याचा हिशोब बघा. पगार, इंधन, दुरुस्ती, निवृत्तिवेतन अशी शीर्षं असतात. अमुक मार्गावर किंवा अमुक गाडीवर किती खर्च झाला, हे त्यात कुठंच दिसत नाही. सरकार सांगतं भाडं वाढवू नका, हा मार्ग बंद करू नका, एवढी माणसं ठेवा. आणि वर्षअखेर तेच सरकार म्हणतं, रेल्वे तोट्यात आहे. अशा रेल्वेच्या व्यवस्थापकानं जीव तोडून काम केलं तरी आकडा लाल आणि ढिसाळपणा केला तरी लालच. मग त्यानं कशासाठी झटायचं?

ही कोंडी फुटली साठच्या दशकाच्या शेवटी. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यानं ठरवलं की समाजाला हव्या असलेल्या पण न परवडणाऱ्या मार्गासाठी सरकार त्या त्या मार्गापुरतं अनुदान देईल. पुढच्याच वर्षी युरोपीय आर्थिक समुदायाच्या ११९१ क्रमांकाच्या नियमानं लोकसेवेच्या बंधनांबाबत तेच तत्त्व आणलं: बंधन काढा, नाहीतर त्याची भरपाई द्या. म्हणजे व्यापारी होऊ पाहणारी रेल्वे पहिलं बिल फाडते ते सरकारच्या नावे.

ब्रिटननं हे १९७४ मध्ये पुन्हा सैल केलं. मार्गनिहाय अनुदान गेलं आणि सगळ्या प्रवासी सेवेसाठी एकच ठोक रक्कम आली. हिशोब सोपा झाला, पण कुठल्या पैशातून काय मिळालं हे परत धूसर झालं.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असतील तर जास्तच आवडेल.

सांधेवाला

उत्तम धागा. १९७४ वर थांबलात, तिथून पुढे मी सांगतो, कारण ब्रिटिश रेलची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी रेल्वेची खरी गोष्ट १९८२ ला सुरू होते.

तोपर्यंत कारभार भौगोलिक विभागांचा होता. विभागप्रमुखाकडे रूळ, सिग्नल, इंजिनं, माणसं सगळं. पण उत्पन्नाचा धनी असा कुणी नव्हता. १९८२ मध्ये धंद्यानुसार पाच क्षेत्रं केली: लांब पल्ल्याची इंटरसिटी, लंडन आणि आग्नेय इंग्लंडची वाहतूक, उरलेली प्रांतिक सेवा, मालवाहतूक आणि पार्सल. प्रत्येकाला एक संचालक आणि त्याच्या नावावर जमा आणि खर्च दोन्ही. ही व्यवस्था रुजवण्यात सर रॉबर्ट रीड यांचा वाटा मोठा. ते १९८३ ते १९९० अध्यक्ष होते आणि रेल्वेतच वाढलेले होते.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सामायिक खर्चाची वाटणी. एकाच रुळावरून इंटरसिटी, लोकल आणि मालगाडी जाते. त्या रुळाचा खर्च कुणाचा? टनांच्या किंवा गाड्यांच्या प्रमाणात वाटला तर प्रत्येक जण म्हणतो, माझा वाटा जास्त लावलाय, आणि भांडण संपत नाही. त्यांनी नियम केला: त्या मार्गावर ज्याची वाहतूक मुख्य, तो तिथला प्रमुख वापरकर्ता. मार्गाचा मूळ खर्च त्याचा. बाकीच्यांनी फक्त आपल्यामुळे वाढलेला खर्च द्यायचा.

याचा परिणाम थेट जमिनीवर दिसला. इंटरसिटीच्या नावावर एखादा मार्ग लागला की त्यांची माणसं मार्गाचा नकाशा उघडून बसत. हा जादा रूळ कशाला? मालगाडीला बाजूला घ्यायला. मग मालवाहतुकीनं पैसे द्यावेत. मालवाहतूकवाले म्हणणार, आमची गाडी रात्री जाते, तेव्हा लाइन मोकळीच असते, आम्हाला नको. तो रूळ, त्याचे दोन सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी), त्यांची तेलपाणी-तपासणी हे सगळं वर्षानुवर्षं कुणीही न मागता चालू होतं, एवढं त्या संभाषणातून कळायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इंटरसिटी सरकारी अनुदानाशिवाय नफ्यात आली. मालकी तेव्हा शंभर टक्के सरकारची होती, हे मुद्दाम नोंदवतो.

अर्थात या पद्धतीनं काढलेले काही जादा रूळ पुढे वाहतूक वाढल्यावर हवेहवेसे झाले. आजच्या गरजेवर हिशोब केला की उद्याची क्षमता फुकट जाते, हा तिचा खरा दोष.

रूळवेडी

सांधेवाला, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली आहे.

उगवतीकडे

जपानशिवाय हा विषय पुरा होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जपानी राष्ट्रीय रेल्वे १९४९ मध्ये सरकारी खात्यातून काढून सार्वजनिक महामंडळ केली गेली. म्हणजे कागदावर व्यापारी रूप आधीच मिळालं होतं. पण मूळ भाडं कायद्यानं ठरायचं, त्यामुळे भाडेवाढ म्हणजे संसदेत विधेयक. नवे ग्रामीण मार्ग कुठं बांधायचे यात राजकारण्यांचा हात. आणि बांधून झालेला मार्ग चालवायला रेल्वेकडे. योगायोग बघा, १९६४ हे शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) सुरू झाल्याचं वर्ष आणि तेच राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेल्याचंही. त्यानंतर ती तोट्यातून कधी वर आलीच नाही. तूट कर्जानं भरायची, व्याजासाठी आणखी कर्ज.

१९७५ च्या नोव्हेंबरअखेरीस संपाच्या हक्कासाठी आठ दिवसांचा देशव्यापी संप झाला. संघटनांचा अंदाज होता की रेल्वे बंद म्हणजे बाजारपेठा बंद. तसं झालं नाही. माल ट्रकनं पोहोचला आणि ज्या गिऱ्हाइकांनी त्या आठवड्यात ट्रक धरला त्यांतली बरीचशी परत फिरली नाहीत. पुढच्या वर्षी प्रवासी भाडं एका फटक्यात सुमारे ५० टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा प्रवासीही इतर वाहनांकडे वळले. मक्तेदारी गेली आहे हे रेल्वेला या दोन धक्क्यांत कळलं.

मग १९८० चा पुनर्रचना कायदा. कमी वाहतुकीचे ८३ मार्ग वेगळे काढले, लांबी सुमारे ३,१५० किलोमीटर. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त मार्गांवर बस आली, बाकीचे बहुतेक स्थानिक शासन आणि खासगी भांडवल यांच्या संयुक्त कंपन्यांकडे गेले. १ एप्रिल १९८७ ला राष्ट्रीय रेल्वेचे सहा प्रवासी आणि एक माल अशा सात कंपन्या झाल्या. त्या दिवशी सगळे शेअर सरकारच्याच हाती होते. पूर्व जपान कंपनी बाजारात आली १९९३ ला, क्यूशू कंपनी तर २०१६ ला.

जमाखर्च यांच्या मुद्द्याला मी एक जोड देईन. नुसता तोटा लिहून भागत नाही, जुनं कर्जही बाजूला काढावं लागतं. विभाजनावेळी देणं सुमारे ३७ लाख कोटी येन होतं. त्यातले २५ लाख कोटींहून अधिक नव्या कंपन्यांवर न टाकता एका निपटारा महामंडळाकडे दिले. जमिनी आणि शेअर विकून ते फेडायचं होतं. १९९८ मध्ये ते महामंडळ बंद केलं तेव्हा देणं कमी होण्याऐवजी २८ लाख कोटींवर गेलं होतं, आणि त्यातला मोठा भाग सरकारच्या सर्वसाधारण खात्यात गेला. म्हणजे जपानी करदात्यानं मोठी किंमत मोजली. पण पूर्व जपान कंपनीनं करातले बदल सोडले तर तीन दशकांहून जास्त काळ मूळ भाडं वाढवलं नाही, हेही तितकंच खरं.

प्रश्नचिन्ह

मला एक समजत नाही. तोटा सरकारनं भरायचा असं लेखी ठरलं, तर रेल्वेला काटकसर करायचं कारणच काय उरलं? हवं तेवढं बिल लावेल की.

जमाखर्च

प्रश्नचिन्ह, अगदी योग्य शंका. म्हणूनच भरपाईचा आकडा झालेल्या खर्चावर न ठेवता आधी ठरवावा लागतो. स्वीडनचं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये त्यांनी रूळ रेल्वे कंपनीकडून काढून वेगळ्या सरकारी संस्थेकडे दिले, रस्ते जसे असतात तसे. गाड्या चालवणाऱ्यानं रूळ वापराचं शुल्क द्यायचं. स्थानिक सेवा कोणत्या हव्यात हे प्रांतांनी ठरवायचं आणि निविदा काढायची. १९९० मध्ये एका बस कंपनीच्या उपकंपनीनं दक्षिणेतल्या स्मोलांडमधल्या मार्गांची निविदा जिंकली. सरकारी रेल्वेला आपल्याच मार्गावर हरता येतं हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यानंतर तिनं स्वतःच्या निविदा फार बारकाईनं भरायला सुरुवात केली.

जर्मनीत १९९६ पासून प्रादेशिक प्रवासी सेवेचं तेच झालं. पैसा केंद्राचा, मागणी नोंदवणार राज्यं. किती गाड्या, कोणत्या डब्यांच्या, किती वक्तशीर, सगळं करारात. उशीर झाला की रक्कम कापली जाते. सरकार पैसे देतंच, पण गिऱ्हाईक म्हणून देतं.

मालडबा

सगळी चर्चा प्रवाशांवर चालली आहे, म्हणून मालवाहतुकीकडे वळवतो. माझ्या मते व्यापारी वळण तिथं जास्त लवकर आणि जास्त खोल लागतं, कारण मालाला मतदानाचा हक्क नाही.

जुनी पद्धत अशी: गिऱ्हाईक एक वाघीण (मालाचा डबा) भरणार. ती वाघीण एखादी छोटी गाडी उचलून यार्डात नेणार. तिथं टेकाडावरून ढकलून ठिकाणानुसार वर्गवारी, मग दुसरं यार्ड, परत वर्गवारी. माल कधी पोहोचेल हे रेल्वेलाही सांगता यायचं नाही. वाघीण चालती असण्यापेक्षा उभीच जास्त. गिऱ्हाइकाला वाघीण नको असते, अमुक दिवशी माल दारात हवा असतो.

ब्रिटनमध्ये साठच्या दशकात कोळशासाठी चक्राकार गाड्या आल्या. खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत एकच अखंड गाडी. वीजकेंद्रात रूळ गोल वळवलेला, गाडी चालण्याच्या वेगानं पुढे सरकत असते, वाघिणीच्या तळाची दारं रुळालगतच्या यंत्रणेनं आपोआप उघडतात, कोळसा खाली पडतो, दारं मिटतात. कुठंही वाघीण सोडायची नाही, इंजिन फिरवायचं नाही. तीच गाडी लगेच परत. यासाठी वीजमंडळाला आपल्या आवारात रूळ बदलावे लागले. रेल्वेनं गिऱ्हाइकाशी बसून दोघांचा खर्च एकत्र मांडला, तेव्हा ते जमलं. कंटेनरच्या फ्रेटलाइनर गाड्याही त्याच काळातल्या. तेव्हाचे ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांचं नाव मार्ग बंद करण्यासाठी घेतलं जातं, पण त्यांच्या १९६३ च्या अहवालात या गाड्यांची शिफारस होती हे विसरलं जातं.

जपाननं तर १ फेब्रुवारी १९८४ ला यार्डातून वर्गवारी करत जाणारी वाहतूक एकदम बंद केली आणि थेट गाड्यांवर आले.

दराचंही सांगतो. जाहीर दरपत्रक असेल तर ट्रकवाल्याला रेल्वेचा दर आयता माहीत. तो एक पैसा कमी लावून माल नेणार. कॅनडानं १९८७ च्या कायद्यानं रेल्वे आणि गिऱ्हाईक यांच्यातले गोपनीय करार मान्य केले. इतका माल वर्षभर दिलास तर हा दर, इतक्या दिवसांत पोहोचवला नाही तर इतकी सूट. कॅनेडियन नॅशनल १९९५ मध्ये शेअरबाजारात आली, पण हे करार त्याआधी आठ वर्षं, सरकारी मालकीतच चालू होते.

तिसरी घंटा

प्रवासी भाड्यात असाच बदल फ्रान्सनं केला आणि त्याची किंमतही मोजली. तिथं भाडं किलोमीटरवर ठरायचं, सगळ्यांना सारखं. १९९३ मध्ये सोक्रात नावाची आरक्षण प्रणाली आली, अमेरिकी विमान कंपनीच्या सेबर प्रणालीवर बेतलेली. त्याच गाडीत, त्याच अंतराला, मागणी बघून वेगळं भाडं. सुरुवातीला प्रणाली अडखळली आणि लोक चिडले.

पण मला त्या रागाचं मूळ फक्त यंत्राच्या गोंधळात दिसत नाही. किलोमीटरचा दर कुणालाही ताडून बघता येतो. मागणीवरचा दर प्रवाशाला तपासता येत नाही. सरकारी रेल्वेकडून लोक सारख्या वागणुकीची अपेक्षा धरतात आणि ती रास्त आहे. रिकाम्या आसनांना स्वस्त तिकीट लावून गाडी भरणं मला पटतं. पण स्वस्त तिकीट कुणाला आणि कधी मिळतं हे साध्या भाषेत छापलेलं असावं.

फलाट क्र. शेवटचा

धाग्यात अजून माणसांबद्दल कुणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. न्यूझीलंडमध्ये रेल्वे खातं १९८२ ला महामंडळ झालं. १५० किलोमीटरपलीकडे ट्रकनं माल न्यायला जी आडकाठी होती, ती १९८३ पासून टप्प्याटप्प्यानं उठवली. स्पर्धा अंगावर आल्यावर महामंडळानं मनुष्यबळ कापलं. दहा-बारा वर्षांत २१ हजारांच्या आसपासचे कर्मचारी ५ हजारांवर आले. रेल्वेवर उभी असलेली छोटी गावं या एका निर्णयानं बसली. जपानमध्येही नव्या कंपन्यांत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही यात संघटनांचे सदस्य डावलल्याचे आरोप झाले आणि ते वाद दोन दशकांहून जास्त चालले.

हे अटळ होतं असं मला कुणी सांगू नये. जर्मनीनं १९९४ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वे एकत्र करून सरकारी मालकीची कंपनी केली, तेव्हा जुनं कर्ज आणि कायम सरकारी नोकर, दोन्ही एका वेगळ्या सरकारी संस्थेकडे ठेवले. नोकरांचा दर्जा आणि निवृत्तिवेतन शाबूत राहिलं, काम ते नव्या कंपनीत करत राहिले. कंपनीनं त्यांच्या कामाचा बाजारभावाएवढा मोबदला द्यायचा, वरचा फरक सरकारचा. जुन्या आश्वासनाचा खर्च ज्यानं आश्वासन दिलं त्याच्याकडे. हेच न्याय्य आहे, आणि धागाकर्त्यांच्या खतावणीतही ते चपखल बसतं.

सांधेवाला

फलाट, शंभर टक्के सहमत. न्यूझीलंडची पुढची कथाही सांगायला हवी. १९९३ मध्ये रेल्वे विकली ३२.८ कोटी न्यूझीलंड डॉलरला, २००४ मध्ये रूळ सरकारनं नाममात्र एका डॉलरला परत घेतले आणि २००८ मध्ये गाड्या व फेरीबोटी सुमारे ६९ कोटींना. परत आलेल्या रुळांवर मोठा खर्च करावा लागला.

रूळ हा असा खर्च आहे की तो पुढं ढकलला तर ताळेबंद काही वर्षं सुंदर दिसतो. ब्रिटनमध्ये रूळ वेगळ्या कंपनीकडे गेले, तिनं देखभाल कंत्राटावर दिली आणि आपल्याकडे कोणत्या ठिकाणी कसा रूळ आहे याचं ज्ञानच हातचं घालवलं. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डजवळ रूळ तडकून गाडी घसरली, चार जण गेले. त्या जागेचा दोष माहीत होता आणि बदलायचा नवा रूळ शेजारी आणून ठेवलेला होता. वर्षभरात कंपनी प्रशासकाकडे गेली. हिशोबात घसारा लिहिणं वेगळं आणि रूळ बदलणं वेगळं.

रूळवेडी

भारतीय रेल्वेचा उल्लेख एका बाबतीत व्हायला हवा. ॲक्वर्थ समितीच्या शिफारशीवरून १९२४ मध्ये रेल्वेचा जमाखर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा झाला. रेल्वेनं सरकारला ठरलेला वाटा द्यायचा आणि उरलेलं स्वतःच्या निधीत ठेवायचं. त्या काळाचा विचार करता ही पद्धत फार पुढची होती. २०१७ मध्ये रेल्वे अर्थसंकल्प परत सर्वसाधारण अर्थसंकल्पात आला. स्वस्त प्रवासी भाड्याचा भार मालभाड्यावर टाकायची पद्धत मात्र दोन्ही व्यवस्थांत राहिली, म्हणजे धागालेखात म्हटलेली ट्रकची गोष्ट इथंही तशीच घडते.

प्रश्नचिन्ह

उगवतीकडे, जपानच्या सातही कंपन्या नीट चालल्या का? तुम्ही फक्त पूर्व जपान आणि क्यूशूचं लिहिलंत.

उगवतीकडे

नाही चालल्या, आणि हे विचारलंत ते बरं झालं. होक्काइदो, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरच्या कंपन्या गाड्यांच्या उत्पन्नावर जगणार नाहीत हे १९८७ मध्येच दिसत होतं. म्हणून त्यांना दरवर्षीच्या अनुदानाऐवजी एकदाच मोठा निधी दिला. त्याच्या व्याजातून तोटा भरायचा. एकट्या होक्काइदोचा निधी ६८ हजार कोटी येनच्या वर होता. कल्पना चांगली होती: सरकारच्या दारात दरवर्षी उभं राहायला नको आणि खर्च वाचवला तर फायदा कंपनीचा.

पण निधीचा आकार काढताना व्याज ७.३ टक्के धरलं होतं. जपानमधले व्याजदर पुढे जवळजवळ शून्यावर आले. तोटा तोच, लोकसंख्या घटत चाललेली, आणि भरपाईचा झरा आटला. होक्काइदो कंपनीनं नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं की आपल्या जाळ्यापैकी निम्मे, सुमारे १,२३७ किलोमीटर मार्ग ती एकटीच्या बळावर चालवू शकत नाही. सरकारला परत मदतीचे कायदे करावे लागले.

जमाखर्च

हा ७.३ टक्क्यांचा मुद्दा मला नवा आहे, फार आभार. तोटा कुणाचा हे १९८७ ला लिहिलं गेलं होतं, पण व्याजदर पडले तर काय, हा धोका कुणाचा हे लिहिलेलं नव्हतं. तो आपसूक होक्काइदोच्या माथी आला. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे १९९९ पासून सरकारच्याच मालकीची कंपनी आहे आणि रुळांच्या पैशाचा करार साधारण चार वर्षांनी नव्यानं होतो. ठरावीक मुदतीनं आकडा परत मांडायची सोय होक्काइदोच्या निधीत असती, तर १,२३७ किलोमीटरची यादी निघेपर्यंत थांबावं लागलं नसतं. असे मुदतीचे करार अजून कुठल्या सरकारी रेल्वेत आहेत आणि त्यात धोक्याची वाटणी कशी लिहिली आहे, हे कुणी सांगू शकलं तर इथंच लिहा.